नाशिकमध्ये राहून प्रमाणित ॲजाइल ट्रेनर कसं व्हावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नऊ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची तीन स्क्रम मास्टर म्हणून, म्हणजे टीमला स्क्रम पद्धतीने काम करायला मदत करणं. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेची पीएसएम वन ही स्क्रम मास्टरची परीक्षा पास आहात. आता शिकवायची ओढ आहे. प्रमाणित ॲजाइल ट्रेनर व्हायला कोणता कोर्स करावा, किती काळ लागेल, आणि नाशिक न सोडता यावर घर चालेल का? (ॲजाइल म्हणजे काम लहान तुकड्यांत करून, प्रत्येक तुकडा तपासून पुढचं ठरवायची पद्धत; स्क्रम हा तिचा एक प्रकार.)

यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या सुट्या केल्याशिवाय पैसे कुठे घालायचे ते ठरणार नाही. एक, तुमच्या स्वतःच्या ज्ञानाचं प्रमाणपत्र. पीएसएम वन हे त्यातलं. दोन, एखाद्या संस्थेचा कोर्स तिच्या नावाने शिकवायचा परवाना. तीन, पंधरा-वीस कामकरी माणसांना दोन दिवस शिकवून सोमवारी त्यांच्या कामात काहीतरी बदलेल एवढी शिकवण्याची ताकद. बहुतेक जण पहिल्या गोष्टीवर पैसे खर्च करत राहतात, चार-पाच प्रमाणपत्रं जमवतात आणि मग दुसरी गोष्ट आपोआप मिळेल असं समजतात. ती तशी मिळत नाही. परवाना देणाऱ्या ज्या संस्था गंभीर आहेत त्या तुम्ही किती परीक्षा दिल्यात यापेक्षा किती काम केलंत आणि किती जणांना शिकवलंत हे जास्त बारकाईने बघतात. म्हणून माझा सल्ला सुरुवातीलाच सांगून टाकते: आधी विद्यार्थी ठरवा, मग संस्था निवडा, आणि परवान्याची वाट न बघता आजपासून शिकवायला लागा.

'प्रमाणित ॲजाइल ट्रेनर' अशी सर्वत्र चालणारी एकच पदवी नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जणांनी लिहिलेल्या ॲजाइल जाहीरनाम्यात चार मूल्यं आणि बारा तत्त्वं आहेत. परीक्षेचा किंवा परवान्याचा त्यात उल्लेखही नाही. परीक्षा आणि परवाने वेगवेगळ्या संस्थांनी आणले आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे. तुमचा पाया स्क्रमचा असल्यामुळे त्यातल्या दोन मोठ्या संस्थांबद्दल सविस्तर लिहिते, बाकीच्यांबद्दल मोजकं.

स्क्रम अलायन्स या संस्थेचा परवानाधारक ट्रेनर म्हणजे सीएसटी (सर्टिफाइड स्क्रम ट्रेनर). सीएसएम हा तिचा स्क्रम मास्टरसाठीचा पहिला कोर्स तुम्ही ऐकलाच असेल. तिथे परीक्षेआधी कोर्स सक्तीचा असतो. परीक्षेत ५० प्रश्न, ६० मिनिटं, आणि ३७ बरोबर आले की पास. प्रमाणपत्राचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी १०० डॉलर आणि शिकण्याचे २० गुण लागतात. ट्रेनर व्हायचं असेल तर शिडी अशी: सीएसएम, मग ए-सीएसएम, मग सीएसपी-एसएम, आणि त्यानंतर सीएसटीचा अर्ज. ए-सीएसएमसाठी स्क्रम मास्टर म्हणून किमान १२ महिन्यांचा आणि सीएसपीसाठी २४ महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. तुमची तीन वर्षं इथे उपयोगी पडतील, पण पीएसएम वन चालणार नाही. ती दुसऱ्या संस्थेची परीक्षा आहे, त्यामुळे शिडी खालच्या पायरीपासून चढावी लागेल. अर्जाच्या वेळी सध्याच्या सीएसटींबरोबर वर्गात उभं राहून शिकवलेलं दाखवावं लागतं, त्यांचा अभिप्राय लागतो आणि मग परीक्षकांपुढे मुलाखत होते. अटींचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाची योजना आखायच्या दिवशी संस्थेच्या संकेतस्थळावरच्या चालू अटी छापून घ्या. कुणाच्या जुन्या लेखावरून, माझ्या या उत्तरावरूनसुद्धा, आकडे धरू नका.

दुसरा रस्ता स्क्रम डॉट ऑर्गचा. स्क्रमचे एक जनक केन श्वाबर यांनी २००९ मध्ये स्क्रम अलायन्समधून बाहेर पडून ही संस्था काढली. इथला ट्रेनर म्हणजे पीएसटी (प्रोफेशनल स्क्रम ट्रेनर). तुम्ही दिलेल्या पीएसएम वनमध्ये ८० प्रश्न, ६० मिनिटं आणि ८५ टक्क्यांची अट होती, कोर्सची सक्ती नव्हती आणि त्या प्रमाणपत्राला मुदतही नाही. पण परीक्षा खुली असली तरी ट्रेनरकी खुली नाही. पीएसएम टू आणि पीएसएम थ्री या वरच्या परीक्षा, त्यातली थ्री स्वतःच्या शब्दांत उत्तरं लिहायची. मग अर्ज, मुलाखत, ट्रेनरांना घडवणारं प्रशिक्षण आणि जुन्या ट्रेनरांकडून तपासणी. माणसं अडतात ती पीएसएम थ्रीमध्ये. पर्याय निवडायची सवय असलेल्याला 'हा प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) स्प्रिंटच्या (कामाच्या ठरावीक मुदतीच्या फेरीच्या) मधोमध नवं काम आणतोय, तुम्ही काय कराल आणि का' याचं नेमकं उत्तर मोजक्या मिनिटांत लिहिता येत नाही. त्यासाठी रोज एक प्रसंग घेऊन आठ ओळींत उत्तर लिहायचा सराव करा. आठपेक्षा जास्त ओळी लागल्या तर मुद्दा अजून स्पष्ट झालेला नाही असं समजा.

या दोघांतला एक फरक कामाच्या दृष्टीने फार मोठा आहे आणि कुणी आधी सांगत नाही. सीएसटी आपलं शिकवण्याचं साहित्य स्वतः तयार करतो, फक्त ते संस्थेच्या शिक्षण-उद्दिष्टांत बसावं लागतं. पीएसटीला संस्थेचं सामायिक साहित्यच वापरावं लागतं. ज्याला स्वतःचे खेळ, स्वतःची उदाहरणं रचायला आवडतं त्याला पहिला रस्ता मानवतो. ज्याला तयार आणि तावून-सुलाखून घेतलेलं साहित्य हातात हवं त्याला दुसरा. दोन्हींना वेळ लागतो. शून्यापासून दोन ते चार वर्षं धरून चला.

आता बाकीचे. मोठ्या कंपन्यांसाठीच्या सेफ या ॲजाइल पद्धतीत एसपीसी, म्हणजे तिचा सल्लागार-प्रशिक्षक, व्हायचं तर चार दिवसांचा कोर्स आणि परीक्षा पुरते. त्यानंतर ठरावीक कोर्स शिकवता येतात, मात्र दरवर्षी नूतनीकरण असतं. हा सगळ्यांत जलद रस्ता आहे, पण त्याचे ग्राहक म्हणजे पुण्या-मुंबईतल्या बँका आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांची केंद्रं. ज्याने आठ-दहा टीम एकत्र काम करताना पाहिल्या नाहीत त्याने हा रस्ता घेतला तर पहिल्याच वर्गात प्रश्नांपुढे उभं राहता येत नाही. एपीएमजी या परीक्षा संस्थेच्या एजाइलपीएम या ॲजाइल प्रकल्प व्यवस्थापनाच्या कोर्समध्ये परवाना एकट्या माणसाला मिळत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेमार्फत ट्रेनर म्हणून मान्यता घ्यावी लागते, आणि ट्रेनरकडून नुसत्या पासपेक्षा वरच्या गुणांची अपेक्षा असते. ज्यांना सॉफ्टवेअरबाहेरच्या प्रकल्प व्यवस्थापकांना शिकवायचं आहे त्यांना तो बरा. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापनाच्या संस्थेचंही तसंच: आधी संस्था अधिकृत भागीदार होते आणि तिच्या प्रशिक्षकाला पीएमआयचं ट्रेनर-प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. कानबान म्हणजे एका वेळी किती कामं हातात घ्यायची यावर मर्यादा घालून काम पुढे सरकवायची पद्धत; तिच्यासाठी कानबान युनिव्हर्सिटीचा एकेटी हा ट्रेनरचा परवाना आहे. नाशिकसाठी कानबान महत्त्वाचं का वाटतं, ते पुढे लिहिते.

कारण आता प्रश्न येतो तो विद्यार्थ्यांचा. नाशिकमध्ये तुमचे संभाव्य विद्यार्थी कोण? मला चार गट दिसतात आणि त्यांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिला, शहरातल्या आयटी आणि बीपीओ कंपन्यांतली माणसं. यांना नोकरी बदलताना दाखवायला प्रमाणपत्र हवं असतं, म्हणून सीएसएम किंवा पीएसएमचा परवाना इथे थेट कामाचा. पण वर्ग आता ऑनलाइन होतात. इंदिरानगरातला विद्यार्थी घरात बसून बंगळुरूच्या ट्रेनरकडे शिकू शकतो. त्यामुळे जवळ असणं हा एकटाच फायदा पुरत नाही. दुसरा गट, आडगाव, पंचवटी आणि त्र्यंबक रोडच्या बाजूची अभियांत्रिकी महाविद्यालयं. यांना परवानाधारक ट्रेनर लागत नाही, मानधन थोडं असतं, पण सरावासाठी यापेक्षा चांगली जागा नाही: साठ मुलं, शेवटच्या वर्षाचे प्रकल्प चालू, आणि शिकवलेलं दुसऱ्याच आठवड्यात वापरता येण्याजोगं. तिसरा गट लहान स्टार्टअपचा. यांना कोर्स परवडत नाही, दोन तासांचं मार्गदर्शन हवं असतं.

चौथा गट सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांचा, आणि इथे जरा थांबते. नाशिकचं खरं वेगळेपण इथे आहे आणि पुण्या-बंगळुरूहून ऑनलाइन शिकवणाऱ्याला ते सहसा पेलत नाही. वाहन-उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत कायझेन (सतत छोट्या सुधारणा), फाइव्ह एस (कामाची जागा नीट लावणं), कानबान कार्ड हे शब्द शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरलाही माहीत असतात. ॲजाइलची अर्धी मुळं त्याच टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत आहेत. तरीही त्यांच्या नव्या उत्पादन विकास विभागात दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावायला गेलात तर अडकाल. डाय किंवा मोल्ड बनून यायला सहा-आठ आठवडे लागत असतील तर दोन आठवड्यांत 'पूर्ण झालेला' भाग कुठून येणार? टीम मग 'डायचं ड्रॉइंग पाठवलं' यालाच पूर्ण म्हणायला लागते आणि स्क्रमचं सोंग सुरू होतं. अशा ठिकाणी एकतर इन्क्रिमेंटची, म्हणजे स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या वापरण्याजोग्या कामाची, व्याख्या प्रामाणिकपणे बदलायला शिकवावं, म्हणजे थ्रीडी प्रिंटवर तपासलेली जोडणी, ग्राहकाने मान्य केलेलं डिझाइन. नाहीतर सरळ कानबान शिकवावं.

कानबान शिकवताना कारखान्यातल्या माणसाला पटतो तो आकडा. सरासरी लागणारा वेळ म्हणजे हातात असलेली कामं भागिले दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं. विभागात २४ कामं उघडी आहेत आणि आठवड्याला ६ पूर्ण होतात, म्हणजे एका कामाला सरासरी ४ आठवडे. उघडी कामं १२ वर आणली आणि पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला तर २ आठवडे. एकही माणूस वाढवला नाही. हे गणित त्यांच्याच विभागाचे आकडे घेऊन फळ्यावर मांडलं की वर्गात शांतता पसरते आणि मग खरे प्रश्न येतात: 'पण साहेब नवं काम लगेच सुरू करा म्हणतात, त्याचं काय?' त्या प्रश्नापासून पुढचा तासभर शिकवता येतं. सातपूरच्या निमा आणि अंबडच्या आयमा या उद्योजक संघटनांमार्फत या कारखान्यांपर्यंत पोचता येतं. अर्ध्या दिवसाचं सत्र घ्यायची तयारी दाखवा, विषय 'ॲजाइल' न ठेवता 'नवीन भागाचा विकास वेळेत का होत नाही' असा ठेवा.

इथवरचं एका ओळीत: आयटीतल्या लोकांना शिकवायचं असेल तर पीएसटी किंवा सीएसटी, कारखान्यांना शिकवायचं असेल तर आधी कानबान. तुमचं पीएसएम वन झालेलं आहे आणि कंपनी सॉफ्टवेअरची आहे, म्हणून मी तुमच्या जागी पीएसएम टू देऊन स्क्रम डॉट ऑर्गचा रस्ता धरला असता आणि सोबत कानबानचा पायाभूत कोर्स केला असता. तुमची टीम आधीच सीएसएमच्या वातावरणात असेल आणि ओळखीत सीएसटी असेल तर निर्णय उलटा होऊ शकतो, कारण सोबत शिकवायला घेणारा ज्येष्ठ माणूस मिळणं ही या रस्त्यातली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे.

आता शिकवण्याबद्दल. अर्ज फेटाळले जातात ते बहुधा इथेच.

दोन दिवसांचा वर्ग साडेनऊ ते साडेपाच धरला तर जेवण आणि चहा वजा जाता दिवसाला जेमतेम सात तास हातात राहतात, म्हणजे एकूण चौदा. त्यात सलग बोलणं दहा-बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. माझा प्रत्येक विषय चार तुकड्यांत बसवलेला असतो: आधी त्यांना या विषयाचं काय माहीत आहे ते आपापसांत बोलायला लावायचं, मग संकल्पना, मग हाताने करायचं काम, आणि शेवटी 'तुमच्या टीममध्ये हे कुठे बसतं' यावर लिहायला लावायचं. नवे ट्रेनर शेवटचा तुकडा वेळ संपला म्हणून कापतात. कापायचंच असेल तर संकल्पनेतल्या स्लाइड कापा. ऑनलाइन वर्ग असेल तर दोन पूर्ण दिवस बसवू नका. साडेतीन-साडेतीन तासांची चार सत्रं करा.

एक खेळ नमुन्यादाखल सांगते, कारण तो साधा आहे आणि चुकतोही सहज. टेबलाभोवती चार जण ओळीने, प्रत्येकाच्या मागे घड्याळ धरलेला एक जण, शेवटी ग्राहक. वीस नाणी. प्रत्येकाने प्रत्येक नाणं उलटवायचं आणि पुढे द्यायचं. पहिल्या फेरीत वीसच्या वीस उलटवून झाल्यावरच पुढे, दुसऱ्या फेरीत पाच-पाच, तिसऱ्या फेरीत एकेक. दर वेळी दोन वेळा मोजायच्या: पहिलं नाणं ग्राहकाला कधी मिळालं आणि शेवटचं कधी. लहान गठ्ठ्याने दोन्ही वेळा कमी होतात, पहिली तर फारच. इथे हमखास कुणीतरी म्हणतं, 'तिसऱ्या फेरीपर्यंत हात बसला म्हणून वेळ कमी झाला.' शंका रास्त आहे, ती झटकू नका. चौथी फेरी पुन्हा वीसच्या गठ्ठ्याने घ्या आणि वेळ मोजा. हात बसल्याने किती फरक पडला आणि गठ्ठ्याच्या आकाराने किती, ते त्यांना स्वतःच दिसतं. खेळ पंधरा मिनिटांचा असला तर चर्चेला किमान वीस मिनिटं ठेवा. घड्याळवाल्यांना मुद्दाम विचारा की समोरचा माणूस किती वेळ रिकामा बसला आणि तो रिकामा बसल्याचा त्यांना त्रास झाला का. 'प्रत्येक माणूस सतत कामात हवा' हा हट्ट प्रवाह कसा अडवतो, ते या प्रश्नाने बाहेर येतं.

उदाहरणं इथली घ्या. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असते. फळछाटणीची तारीख आधी ठरवता येते, पण फवारणीचं वेळापत्रक कुणी चार महिन्यांआधी पक्कं करत नाही. रोज पान बघून, हवामान बघून, डाऊनी या रोगाचा धोका बघून ठरवतात. स्क्रममधली पारदर्शकता, तपासणी आणि बदल ही तीन तत्त्वं यापेक्षा लवकर कशातूनच समजत नाहीत. प्राधान्यक्रमासाठी मी सिंहस्थाचा सराव देते: '२०२७ च्या कुंभमेळ्यासाठी भाविकांना ॲप द्यायचं आहे, पर्वणीची तारीख हलत नाही, टीम तेवढीच राहणार.' पंचवीस गरजा चिठ्ठ्यांवर द्यायच्या आणि हवंच, हवं, असलं तर बरं, आत्ता नाही अशा चार गटांत लावायला सांगायच्या. पहिल्या फेरीत प्रत्येक गट वीस-बावीस चिठ्ठ्या 'हवंच'मध्ये टाकतो. मग डीएसडीएम या ॲजाइल पद्धतीचा नियम सांगायचा: 'हवंच'चं काम एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, आणि 'असलं तर बरं' सुमारे २० टक्के ठेवायचं. पुन्हा लावायला सांगायचं. दर चिठ्ठीला एकच प्रश्न: 'हे नसेल तर त्या दिवशी ॲप सुरूच करायचं नाही का?'

खोलीची तयारी कमी लेखू नका. पाच-पाच जणांचे गट, आणि चिकटवायला भिंत. हॉटेलच्या सभागृहात वॉलपेपर किंवा खडबडीत रंग असतो, त्यावर चिकट चिठ्ठ्या टिकत नाहीत आणि टेप लावू देत नाहीत. आदल्या दिवशी जाऊन बघा आणि फ्लिपचार्टचे कागद, मास्किंग टेप सोबत न्या. चिठ्ठी गठ्ठ्यातून खालून वर न ओढता कडेने ओढा, म्हणजे ती वळत नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने पडत नाही. जाड टोकाचे मार्कर द्या. बॉलपेनने लिहिलेलं दोन मीटरवरून वाचता येत नाही, आणि मग गटातला एकच जण वाचतो, बाकीचे मोबाइल बघतात.

मजकुराच्या अचूकतेबद्दल मात्र कडक राहा. चालू स्क्रम गाइड (स्क्रमचे नियम सांगणारी अधिकृत पुस्तिका) नोव्हेंबर २०२० चं आहे. कित्येक वर्गांत अजून त्याआधीचं शिकवलं जातं. डेली स्क्रमचे, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीचे, तीन प्रश्न (काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय) आता गाइडमध्ये नाहीत. 'डेव्हलपमेंट टीम' हा वेगळा घटक गेला, एकच स्क्रम टीम आणि तिच्यात डेव्हलपर्स असं झालं. प्रॉडक्ट गोल, म्हणजे उत्पादनाचं लांब पल्ल्याचं ध्येय, नव्याने आला. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज), व्हेलॉसिटी (एका स्प्रिंटमधला कामाचा वेग), युझर स्टोरी (वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली गरज) हे शब्द गाइडमध्ये नाहीत. ते वापरू नका असं नाही, पण 'स्क्रममध्ये सांगितलंय' असं म्हणून शिकवू नका. एक महिन्याच्या स्प्रिंटसाठी प्लॅनिंगला कमाल आठ तास, रिव्ह्यूला (झालेलं काम दाखवायला) चार, रेट्रोस्पेक्टिव्हला (कामाची पद्धत तपासायला) तीन आणि डेली स्क्रमला पंधरा मिनिटं हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. परीक्षकांपुढे मुलाखतीत 'हे गाइडमधलं आणि हे माझ्या अनुभवातलं' ही रेघ ज्याला मारता येत नाही तो तिथेच अडतो. समजावणं खुशाल मराठीत करा, संज्ञा परीक्षेत येतात तशाच ठेवा.

तयारी झाली का हे तपासायला काही प्रश्न घ्या आणि प्रत्येकाचं उत्तर दोन भागांत द्या: गाइड काय सांगतं आणि कामात काय होतं. मॅनेजर रोज डेली स्क्रममध्ये येऊन स्टेटस विचारतो. टेस्टर एकच आहे आणि तीन टीममध्ये वाटलेला आहे. करार ठरावीक किमतीचा आहे आणि ग्राहक दर आठवड्याला काम वाढवतो. स्प्रिंट रद्द कोण करू शकतं? (फक्त प्रॉडक्ट ओनर, हे चुकवणारे ट्रेनरही आहेत.) असे पंचवीस प्रश्न तुमच्या वहीत हवेत.

दुसरी वही शिकवण्याची नोंद. तारीख, ठिकाण, किती तास, किती जण, कोणते विषय, सोबत कोण होतं, तुम्ही नेमका कोणता भाग घेतलात, अभिप्राय काय आले. पुढे अर्जात हेच मागतात आणि दोन वर्षांनी आठवून लिहिता येत नाही. अभिप्रायात 'कसं वाटलं' विचारू नका, सगळे छानच लिहितात. 'सोमवारी नेमकं काय बदलणार' विचारा आणि चार आठवड्यांनी त्याच माणसाला फोन करून बदललं का ते विचारा.

परवाना मिळेपर्यंत नाव काय द्यायचं? 'स्क्रमची ओळख, एक दिवसाची कार्यशाळा' चालेल. 'सीएसएम ट्रेनिंग' असं लिहू नका; ती नावं संस्थांच्या मालकीची आहेत आणि परवान्याशिवाय वापरलीत तर पुढे अर्ज करायला तोंड राहणार नाही. स्क्रम गाइड मात्र खुल्या परवान्याखाली आहे, श्रेय देऊन वापरता येतं. आणि परीक्षेतले प्रश्न जमवून विकणाऱ्यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. परीक्षा देताना गोपनीयता मान्य केलेली असते, आणि या क्षेत्रात ट्रेनर एकमेकांना ओळखतात.

पैशांचं. समजा तुम्ही दिवसाला २५,००० रुपये घेता आणि महिन्याला चार दिवस काम मिळतं. लाख रुपये दिसतात, पण मार्चअखेर, दिवाळी आणि डिसेंबरचा शेवट जवळजवळ कोरडा जातो, कंपन्या १० टक्के टीडीएस कापून आणि बरेचदा दीड-दोन महिन्यांनी पैसे देतात, आणि परवान्याचं शुल्क डॉलरमध्ये ठरल्या दिवशी भरावंच लागतं. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, प्रशिक्षणावर दर १८ टक्के. पण परदेशी संस्थेला व्यवसायासाठी फी भरली की रिव्हर्स चार्जचा, म्हणजे सेवा घेणाऱ्यानेच जीएसटी भरण्याचा, प्रश्न उभा राहतो आणि तिथे २० लाखांच्या मर्यादेवर विसंबून चालत नाही. पहिलं परवाना शुल्क भरण्याआधी सीएला विचारा. पुण्याचा वर्ग असेल तर आदल्या रात्रीच तिथे पोचायला हवं, आणि सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईतला साडेनऊचा वर्ग गाठता येत नाही, म्हणजे मुक्कामाचा खर्च दोन्हीकडे आहेच. तो वेगळा मागा, मानधनात धरू नका.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. नोकरी हेच तुमचं साहित्य आहे. प्रत्यक्ष टीम हातातून गेली की दोन वर्षांत उदाहरणं शिळी होतात. फक्त करारात बाहेरच्या कामाला बंदी आहे का ते वाचा आणि शनिवारच्या सत्रांसाठी एचआरकडून लेखी परवानगी घ्या. बहुतेक कंपन्या महाविद्यालयातल्या विनामोबदला सत्रांना हरकत घेत नाहीत. वर्षभरात दोन ग्राहकांनी स्वतःहून दुसऱ्यांदा बोलावलं आणि घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असला, तर सोडण्याचा विचार करा.

या महिन्यात करण्याजोगं काम एकच आहे: सोबत शिकवायला घेईल असा ज्येष्ठ ट्रेनर शोधणं. स्क्रम अलायन्स आणि स्क्रम डॉट ऑर्ग दोघांच्याही संकेतस्थळावर ट्रेनरांची यादी असते. पुणे, मुंबई बघा आणि पाच-सहा जणांना वेगवेगळं पत्र लिहा, एकच मजकूर सगळ्यांना नको. पत्रात 'मला ट्रेनर व्हायचंय, मार्गदर्शन करा' असं लिहू नका. अशी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. त्यांच्या कामाचं काय करू शकता ते लिहा: वर्गाआधी खोली लावणं, ऑनलाइन बोर्ड तयार करणं, गटांच्या सरावाच्या वेळी एका टेबलाजवळ उभं राहणं, वर्गानंतर प्रश्नांची टिपणं काढून देणं. सोबत तुमच्या टीमचा एक पानाचा अनुभव जोडा, त्यात एक न सुटलेली अडचणही असू द्या, कारण त्यावरून समोरच्याला तुम्ही विचार कसा करता ते दिसतं. आणि विचारा एवढंच: 'तुमच्या पुढच्या वर्गात वीस मिनिटांचा एक भाग मला घेऊ द्याल का, आणि नंतर काय चुकलं ते सांगाल का?'